मोगरी लावणाऱ्यांची एकादशी

दशमी, संध्याकाळी ६. भायखळा पूर्व

करवतीचा पट्टा थांबला की वखारीत माणसांचे आवाज ऐकू यायला लागतात. भायखळ्याहून रे रोडकडे जाताना ज्या लाकडाच्या वखारी लागतात, त्यांपैकी एकीत मी काम करतो. शेठना आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे शेवटचा तासभर यंत्र माझ्या कामाला मिळालं. बाभळीच्या बुंध्याचे दोन तुकडे पावसाळ्याआधीपासून आडोशाला सुकत ठेवले होते. दोन्हींच्या मध्यावर गाठ आहे. चौकटीला किंवा पलंगाला असलं लाकूड कुणी घेणार नाही. मोगरीला मात्र मी तेच निवडतो, कारण गाठीपाशी लाकडाचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात आणि वरून कितीही भार आला तरी ते सरळ उभं चिरत नाही.

मोगरी म्हणजे रथाच्या चाकाखाली घालायचा लाकडी ठोकळा. एका अंगाला निमुळता, दुसऱ्या अंगाला जाड, आणि हात चाकापासून लांब राहावा म्हणून धरायला दांडा. उद्या कार्तिक शुद्ध एकादशी. जळगावात श्रीरामाचा रथ निघेल आणि माझा मामा त्या रथाच्या चाकाशी असेल. मी त्याच्या हाताखाली. रथ ओढायला सगळं गाव असतं. त्याला वळवणारे आणि थांबवणारे मात्र मोजके असतात, वाकलेले असतात, आणि फोटोत कधी येत नाहीत. माझ्या मते रथ तेच चालवतात.

रात्री ७

गल्लीच्या तोंडाशी रात्रपाळीला असणारा दाजू नेपाळमधल्या ललितपूरचा, नेवार समाजातला. पोत्यातून बाहेर आलेले दांडे बघून त्यानं विचारलं, हे कशाला? मी सांगितलं. त्यानं खुर्ची पुढे ओढली आणि मला गाडी गाठायची आहे हे दोघंही विसरलो.

त्याच्या गावात वैशाखात रातो मच्छिंद्रनाथाचा रथ निघतो. पावसाचा देव. नेवार लोक त्याला बुंग द्यः म्हणतात. रथ सुमारे ६० फूट उंच. चाकांवर मोठाले डोळे रंगवलेले, आणि चाकांवरचा मनोरा लाकूड-वेताचा, खिळ्यांनी नव्हे तर वेतानं बांधून उभा केलेला. तो दर वर्षी नव्यानं बांधतात. बांधणाऱ्यांची कामं पिढ्यान्‌पिढ्या वाटलेली आहेत: सुतारकाम एका गटाकडे, वेत आवळत वर चढायचं दुसऱ्याकडे, आणि चाकांशी ठोकळे घेऊन चालायचं तिसऱ्याकडे. दर बारा वर्षांनी हा रथ थेट बुंगमती गावापासून ओढत आणतात. २०१५ साली तशी बारा वर्षांची यात्रा सुरू असतानाच एप्रिलमध्ये भूकंप झाला. बुंगमतीचं देऊळ कोसळलं, रथ वाटेत अडकला, आणि पुढे काही महिन्यांनी यात्रा पुरी झाली. हे सांगताना दाजूचा आवाज बदलला.

आमच्याकडे मच्छिंद्रनाथ म्हणजे गोरक्षनाथांचे गुरू. गोरक्षांपासून गहिनीनाथ, गहिनींपासून निवृत्तिनाथ, निवृत्तींपासून ज्ञानदेव. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या सावरगावला, मायंबाला, त्यांची समाधी मानतात. दाजूनं हे ऐकून हात जोडले. मग अगदी कामाचा प्रश्न विचारला: "तुमचा रथ कलंडतो का?" त्यांच्याकडे रथ कलंडला तर तो मोठा अपशकुन धरतात, देशावर संकट येणार म्हणतात. मी म्हटलं, मामाला विचारून सांगतो.

पहाटे ३. जळगाव

दादरहून धरलेली अमरावती एक्स्प्रेस, चारशेहून अधिक किलोमीटर, कल्याणनंतर झोप. पोतं पायाशी घेऊन झोपलो, कारण मोगऱ्या बर्थखाली गेल्या की काढताना लोकांची झोपमोड होते. स्टेशनाबाहेर कार्तिकातली खान्देशी थंडी. भायखळ्यात स्वेटर कपाटातून निघत नाही, इथे तो अंगावरच हवा.

पहाटे ४

जुन्या जळगावातलं श्रीराम मंदिर जागं आहे. खरं तर ते गेले दहा दिवस झोपलेलंच नाही. कार्तिक प्रतिपदेपासून इथे वहनोत्सव असतो. रोज रात्री देव वेगळ्या वाहनावर बसून गावात फिरतो. घोडा, हत्ती, सिंह, चंद्र, सूर्य, गरुड. लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत आजोळी आलो की मी रात्री त्याच ओढीनं जागायचो. एकादशीचा रथ हा त्या सगळ्याचा कळस.

ही परंपरा संत अप्पा महाराजांनी १८७२ साली सुरू केली. तेव्हा जळगाव कापसाची पेठ म्हणून वर आलेलं होतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या बाजारात खान्देशी कापसाला भाव आला आणि गाव वाढलं. त्याच कापसाच्या मागोमाग पुढे खान्देशातली माणसंही मुंबईच्या गिरण्यांत आली. माझे आजोबा त्यांतलेच, म्हणून मी भायखळ्याचा. जळगावहून पंढरपूरला मुक्ताबाईंची पालखी नेण्याची रीतही अप्पा महाराजांचीच. रथापुढे मुक्ताबाईंच्या पादुकांची पालखी चालते. मुक्ताबाई निवृत्तिनाथांची धाकटी बहीण, निवृत्तिनाथ मच्छिंद्रांच्या परंपरेतले. म्हणजे दाजूच्या गावातला देव आणि माझ्या आजोळचा रथ यांच्यात फार अंतर नाही. गाडीत डोळा लागण्याआधी हे सुचलं आणि फार बरं वाटलं.

काकड आरती झाली. मामा रांगेत माझ्या पुढे होता. मागे वळून त्यानं आधी पोत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

सकाळी ७

रथ उभा आहे. सागवानी, मजल्यामजल्यांचा, पुढे लाकडी घोडे आणि सारथी. सजावटीचं काम मुलं करतात: झेंडूच्या माळा, केळीचे खांब, आंब्याची पानं. आमचं काम जमिनीलगत. मामा चारही चाकांभोवती फिरतो. चाकाच्या मधल्या तुंब्याला कान लावतो, आखाला वंगण आहे का ते बोटानं पाहतो, चाक किंचित हलवून आवाज ऐकतो. कोरडा आवाज आला की पुन्हा वंगण.

मग मोगऱ्यांची पाहणी. जुन्या मोगऱ्यांतली एक मागच्या वर्षी चिरली होती. ती त्यानं बाजूला ठेवली. टाकून नाही दिली, कारण रथाखाली गेलेलं लाकूड कुणी चुलीत घालत नाही. माझ्या दोन्ही त्यानं हातात घेऊन तोलल्या, एक दगडावर आपटली, आणि आवाज पक्का आल्यावर म्हणाला, "बरी आहे भो. पण दांडा जरा लांब ठेवला असता तर?" बरोबर होतं. मुंबईत मोजताना माझ्या डोळ्यांसमोर माझीच उंची होती. चाकाशी वाकणारा माणूस आणखी लांब उभा राहिला पाहिजे.

सकाळी ९

भगर, शेंगदाण्याची आमटी, दोन केळी. एकादशी असल्यामुळे यापुढे दिवसभर केळी आणि पाणी. या वेळी मी दाजूचा प्रश्न विचारला. मामानं घास संपवला.

"कलंडतो म्हणजे काय? उंच रथ ओढणाऱ्याच्या जोरानं कलंडत नाही. एका चाकाखाली खड्डा येतो आणि दुसऱ्या बाजूचा माणूस तेव्हाच मोगरी काढतो, तेव्हा कलंडतो. चौघांनी एकमेकांकडे पाहायचं. रथाकडे लोक पाहतील."

मग त्यानं विचारलं की त्यांचा ६० फुटांचा मनोरा वेतानं कसा बांधतात. मला जेवढं आठवत होतं तेवढं सांगितलं. वेत ओलाच आवळत असतील, म्हणजे सुकताना आणखी घट्ट बसेल, असा त्याचा अंदाज. मामानं नेपाळ पाहिलेला नाही, पण रथ कळतो त्याला.

सकाळी ११

महापूजा, आरती, मूर्ती रथात. या वेळेचं वर्णन मी फार लांबवत नाही, कारण तेव्हा मला चाकाशिवाय काही दिसत नव्हतं. पुढच्या डाव्या चाकाला मामा, उजव्याला त्याचा जुना जोडीदार, मागच्या दोन चाकांना दोघे तरुण. मी आणि माझा चौदा वर्षांचा मावसभाऊ त्यांच्या मागे. लागलेली मोगरी चाक पुढे गेलं की उचलायची, पुसायची, पुढे द्यायची. कुणीतरी वरून ओरडलं, "बोला, सियावर रामचंद्र की..." आणि "जय" एवढा मोठा आला की लाकडातून पायाला जाणवला. दोर ताणले गेले. सगळ्या मोगऱ्या एका वेळी निघाल्या.

दुपारी १२ ते ३

दिवसाचा खरा भाग हाच. कोल्हे वाडा, चौधरी वाडा, तेली चौक. जुन्या जळगावातल्या गल्ल्या वाड्यांच्या ओट्यांमधून वळत जातात, आणि रथाला सुकाणू नाही. आख जागच्या जागी, चाकं सरळच पळणार. दोर डावीकडे ओढला म्हणून एवढं धूड डावीकडे जात नाही, फार तर दोर तुटेल. ते वळवायचं मोगरीनं.

उजवीकडे वळायचं असेल तर उजव्या अंगाचं चाक मोगरीनं अडवायचं. डाव्या अंगाची चाकं दोराच्या जोरानं पुढे जातात आणि सगळा रथ उजव्या चाकाभोवती फिरतो, करकरत, वितीवितीनं. थोडंसंच सरकवायचं असेल तर मोगरी तिरपी घालायची. चाक तिच्या उतरत्या अंगावरून घसरतं आणि चार बोटं बाजूला बसतं. सरळ घातली की थांबला, तिरपी घातली की वळला. पुस्तकात लिहिलं तर एवढंच आहे. पण चाक केव्हा मोगरीवर चढू पाहतंय आणि केव्हा तिला पुढे रेटतंय हे हाताला कळावं लागतं, आणि हाताला कळेपर्यंत कित्येक कार्तिक जातात. मामानं वीस वर्षांचा असताना मोगऱ्या वाहायला सुरुवात केली. चाकाला हात लावू दिला तो तिशीत.

लाकडावर लाकूड घासलं की वास येतो. वखारीतला करवतीचा वास वेगळा, तो सुका, धुळीचा. हा गरम, किंचित जळका. तेली चौकाच्या वळणावर माझ्या नव्या मोगरीला तो वास आला तेव्हा मी घाबरलो. मामानं न बघता हात मागे केला, मी दुसरी दिली, पहिली बाहेर निघाली. काठाला काळा पट्टा होता, चीर नव्हती. गाठीनं काम केलं होतं. कामगार माणसाला आपण केलेली वस्तू अशी कसोटीला लागलेली बघायला फार क्वचित मिळतं. मी केलेल्या चौकटींवर लोक रंग मारतात आणि संपलं.

या वेळी ओट्यांवर, गच्च्यांवर, सज्ज्यांत बायकामुलं दाटलेली. घरोघरी पूजेची ताटं, वरून फुलं, केळी. कुणाच्या म्हातारीला रथ दिसावा म्हणून घरचे खुर्चीसकट उचलून दारात आणतात आणि मामाला ओरडून सांगतात, "आबा, जरा थांबवा हो." मामा खरंच थांबवतो. तेवढा अधिकार त्याच्या हातात आहे आणि तो तो उदारपणे वापरतो. मग दोन्ही बाजूंनी हात वर, शिट्टी, "दोर सैल", मोगरी, थांबा. म्हातारी नमस्कार करते. रथ पुन्हा हलतो.

दुपारी ४ ते ६

सुभाष चौक, दाणाबाजार, घाणेकर चौक, गांधी मार्केट. रस्ते रुंद, त्यामुळे वळवायचं काम कमी आणि वेग आवरायचं काम जास्त. रुंद रस्त्यावर दोरावर माणसं वाढतात, तरुण मुलं जोर लावतात, आणि किंचितही उतार आला तर रथ स्वतःहून धावू लागतो. दोर ढिला पडला की ओढणारी मुलं आणि चाकं यांच्यातलं अंतर कमी होत जातं. माझ्या मते हीच दिवसातली सगळ्यात धोक्याची वेळ, वळणं नव्हेत. गल्लीत सगळे सावध असतात, बाजारात सगळे आनंदात असतात.

हे मला भायखळ्यात कळलंय. अनंत चतुर्दशीला लालबागचा राजा आमच्याकडून जातो. ट्रॉलीला चांगली चाकं असतात, तरी भायखळा स्टेशनाजवळ गर्दी मागून रेटते तेव्हा ट्रॉलीशी असलेली कार्यकर्ते मंडळी पाठ टेकवून उभी राहतात. लोक मूर्तीकडे बघतात. मी त्यांच्या टाचांकडे बघतो. नाशिकला चैत्रात रामरथ आणि गरुडरथ निघतात, तासगावला गणपतीचा रथ अठराव्या शतकापासून दोरांनी ओढतात, आषाढीला इथेच शेजारी पिंप्राळ्यात विठ्ठलाचा रथ असतो. जिथे जाईन तिथे मी चाकाशी उभ्या असलेल्या माणसाला शोधतो आणि त्याला पाणी नेऊन देतो. उत्सवाला गेलेल्या कुणीही एवढं करावं असं मला मनापासून वाटतं.

संध्याकाळी ७

पायांची बोटं बधिर. एक केळ, अर्धा तांब्या पाणी. दिवे लागले. विजेच्या तारांखालून रथ नेताना सगळ्यांच्या माना वर, आमच्या खालीच. मावसभावाचा पाय आज दोनदा चाकाच्या फार जवळ गेला होता. मामानं तेव्हा काही म्हटलं नाही, फक्त त्याला कॉलर धरून मागे ओढलं.

रात्री ९.३०. भिलपुरा

लालशाबाबांच्या समाधीपाशी रथ थांबतो. अप्पा महाराज आणि लालशाबाबा यांचा स्नेह होता असं जळगावात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, आणि रथ त्या स्नेहाला धरून थांबतो. रथाच्या वतीनं समाधीवर फुलांची चादर चढते. मुस्लिम मोहल्ल्यातली माणसं रथाचं स्वागत करतात, फुलं उधळतात, पाणी देतात.

इथे मोगरी लावताना मामा वेगळा असतो. इतरत्र तो चाक अडवतो, इथे तो आधीपासून वेग उतरवत आणतो, म्हणजे रथाला धक्का बसू नये, वरच्या देवाला हिसका लागू नये. चारही चाकांना दोन्ही बाजूंनी मोगऱ्या. मग तो सरळ उभा राहतो, दिवसात पहिल्यांदा कमरेवर हात ठेवून. टोपी घातलेल्या एका म्हाताऱ्यानं येऊन त्याचा हात हातात घेतला. "कसा आहेस भो?" "चाललंय भाऊ. गुडघा बोलतो." दोघं एकमेकांना वर्षातून याच जागी भेटतात. पुढच्या वर्षी दोघांपैकी कोण असेल हे दोघांनाही ठाऊक नाही, म्हणून हात सोडायला वेळ लागतो.

भायखळ्यात हिंदुस्तानी मशिदीसमोर लालबागचा राजा थांबतो तेव्हा तिथले लोकही असंच स्वागत करतात, आणि अग्निशमन केंद्राचे बंब दिवे लावून, भोंगे वाजवून सलामी देतात. हे मी लहानपणापासून पाहतोय. त्यामुळे भिलपुऱ्यात मला नवल कधी वाटलं नाही, घरी आल्यासारखं वाटलं. हल्ली कुणी मला विचारतं की असले थांबे अजून टिकलेत का. टिकलेत, कारण कुणीतरी दर वर्षी ठरवून तिथे मोगरी घालतं. मोगरी घातली नाही तर रथ पुढे निघून जाईल. रथाला कळत नाही कुठे थांबायचं.

रात्री ११.४५. रथ चौक

बालाजी मंदिरावरून रथ चौकात आलो. शेवटचं वळण, शेवटची मोगरी, आरती. गर्दी पांगायला लागल्यावर आमचं काम पुन्हा सुरू: रथ रात्रभर जागचा हलू नये म्हणून आठ मोगऱ्या चाकांखाली पक्क्या ठोकायच्या, उरलेल्या मोजून पोत्यात भरायच्या. एक पूर्ण फुटली होती, दोन चिरल्या होत्या. माझ्या दोन्ही शाबूत, एकीच्या काठाला तो काळा पट्टा. मामानं तिच्यावर बोट फिरवलं आणि दांड्याचं पुन्हा सांगितलं: हातभर तरी लांब.

"पुढच्या वर्षी मागचं चाक मला द्याल का?" मावसभावानं विचारलं.

"आज पाय कुठे होता तुझा?"

तो गप्प.

"प्रतिपदेपासून यायचं. दहाही रात्री वहनाबरोबर चालायचं. वाहन हलकं असतं, तिथे पाय कुठे ठेवायचा ते शिक. मग बघू."

"चाक?"

"मोगरी वाहायची. चाकाचं बघू म्हणालो ना भो. ते पोतं उचल आधी."